शिकारसाहित्यातील गोळी : वेग, भेदन आणि वर्म

शिकारसाहित्याकडे मराठी समीक्षेने आजवर दोनच दृष्टींनी पाहिलेले दिसते. पहिली दृष्टी रंजनाची. शिकारकथा म्हणजे थरार, धाडस, मचाण, अंधार आणि डरकाळी. ती कुमारवयात वाचावी आणि पुढे गंभीर साहित्याकडे वळावे, असा एक अलिखित संकेत आहे. दुसरी दृष्टी अलीकडची आणि विद्यापीठीय आहे. तिच्या मते शिकारकथा म्हणजे वसाहतवादी सत्तेचा आणि पौरुषाच्या प्रदर्शनाचा दस्तऐवज. जॉन मॅकेन्झी यांच्या 'द एम्पायर ऑफ नेचर' (१९८८) या ग्रंथानंतर ही दृष्टी रूढ झाली आणि महेश रंगराजन यांच्यासारख्या इतिहासकारांनी भारतीय संदर्भात तिला अधिक काटेकोर रूप दिले. या दोन्ही दृष्टी परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभ्या असल्या तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. शिकारी लेखक जेथे आपल्या रायफलीविषयी, काडतुसाविषयी, गोळीच्या वजनाविषयी आणि वेगाविषयी लिहू लागतो, तेथे दोघेही पान उलटतात. रंजनवाद्याला तो मजकूर रूक्ष वाटतो, तर सत्तेचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला तो निरुपद्रवी तांत्रिक तपशील वाटतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हे पान उलटणे ही वाचनातील मोठी त्रुटी आहे. गवा, हत्ती, रानरेडा, वाघ अशा मोठ्या आणि धोकादायक जनावरांच्या शिकारीविषयीच्या लेखनात नैतिक प्रश्न कोठे असतो, असे विचारले तर तो पुष्कळदा याच रूक्ष परिच्छेदांत असतो. गोळी किती वेगाने गेली आणि ती किती आत शिरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी जनावराचा हिशेब मात्र रायफलधाऱ्याला क्वचितच चुकवावा लागतो. तो चुकवतात हाकारे, वाटाड्ये आणि जंगलाकाठच्या गावांतली माणसे.

विवेचनासाठी जेम्स फोर्सिथ, जॉर्ज सँडरसन, डब्ल्यू. डी. एम. बेल, जॉन टेलर आणि जिम कॉर्बेट या पाच लेखकांचे लेखन समोर ठेवले आहे. आर. जी. बर्टन यांचे दख्खनच्या शिकारीवरील पुस्तक (१९२८) किंवा डनबार ब्रँडर यांचे मध्य प्रांतातील वन्यप्राण्यांवरील पुस्तक (१९२३) आपल्या प्रदेशाला अधिक जवळचे आहे हे खरे. परंतु गोळीचा वाद ज्यांनी वाद म्हणून मांडला अथवा ज्यांच्या लेखनातून तो स्पष्टपणे उलगडतो, असे लेखक निवडणे सोयीचे वाटले.

बार आणि वर्म

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत बंदुकीविषयीचे शब्द पुष्कळ आहेत : ठासणीची बंदूक, नळी, दस्ता, चाप, घोडा, काडतूस, छर्रा. त्यांतील 'बार' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. बार भरतात, बार काढतात, बार उडतो आणि कधी तो फुसका निघतो. हा शब्द दारूचा, आवाजाचा आणि धुराचा आहे. नळीच्या तोंडाशी जे घडते त्याचा आहे. गोळी पुढे जाऊन काय करते याविषयी तो काहीच सांगत नाही.

त्याचे उत्तर दुसऱ्या शब्दात आहे. गोळी 'वर्मी' लागते. वर्म म्हणजे मर्मस्थान, जेथे घाव बसला असता प्राण जातो ती जागा. गंमत अशी की संस्कृतात 'वर्मन्' म्हणजे चिलखत. प्राण राखणारे कवच आणि प्राण जेथून जातो ती जागा, दोन्ही अर्थ एकाच अक्षररूपात वावरतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मराठी 'वर्म' हे 'मर्म'शी जोडले जाते, म्हणून हा योगायोगच म्हणावा लागेल. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो फार अर्थपूर्ण आहे, कारण मोठ्या जनावराच्या शिकारीचा सारा प्रश्न कवच भेदून मर्मापर्यंत पोहोचण्याचा आहे. मराठी शिकारी माणूस गोळी 'जोरात लागली' असे क्वचितच म्हणतो. ती 'वर्मी लागली' किंवा 'चाटून गेली' असे म्हणतो. आघाताच्या मोजमापापेक्षा आघाताच्या जागेला आपल्या भाषेने अधिक महत्त्व दिले आहे. पुढे ज्या वादाचा परामर्श घ्यावयाचा आहे, त्यात ही भाषिक जाण अनेक तज्ज्ञांपेक्षा वरचढ ठरते, असे माझे मत आहे.

आकड्यांची साक्ष

वेग आणि भेदन यांतील फरक केवळ शब्दांनी पटत नाही. म्हणून चार गोळ्यांचा हिशेब येथे देत आहे. वाङ्मयीन नियतकालिकात आकडेमोड शोभत नसेल; बहुविद्याशाखीय नियतकालिकात ती खपून जावी.

पहिली गोळी एकोणिसाव्या शतकातील चार-बोअर बंदुकीची. एका पौंड शिशात चार गोळ्या बसतात, म्हणून ती चार-बोअर. वजन सुमारे ११३ ग्रॅम, व्यास सुमारे २.६७ सेंटीमीटर, वेग दारूच्या प्रमाणानुसार बदलणारा, पण सेकंदाला ४२५ मीटर धरण्यास हरकत नाही. दुसरी ०.४५० नायट्रो एक्सप्रेस. जॉन रिग्बी यांच्या कंपनीने १८९८ साली आणलेल्या या काडतुसात ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने जाते. तिसरी ७ मिलिमीटर माउझरची जुनी, लांब, गोल टोकाची ११.२ ग्रॅमची गोळी. वेग सुमारे ७०० मीटर. चौथी त्याच ७ मिलिमीटर नळीतील हलकी व जलद गोळी. वजन ९ ग्रॅमच्या किंचित वर, वेग सुमारे ८२० मीटर.

आता गतिज ऊर्जा काढली तर चार-बोअरची सुमारे १०,२०० ज्यूल येते, ०.४५० ची ६,६७० ज्यूल, लांब ७ मिलिमीटरची २,७४५ ज्यूल आणि हलक्या ७ मिलिमीटरची ३,०६० ज्यूल. या क्रमाने पाहिले तर चार-बोअर अजिंक्य ठरते आणि हलकी जलद गोळी जड मंद गोळीपेक्षा श्रेष्ठ ठरते. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे वेग थोडा वाढला तरी आकडा भराभर फुगतो. शस्त्रनिर्मात्यांच्या जाहिरातींना हा आकडा प्रिय का, हे यावरून समजते.

परंतु आत शिरणाऱ्या गोळीला वाट करावी लागते ती तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी. म्हणून संवेग आणि क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर काढून पाहावे. चार-बोअरला दर चौरस सेंटीमीटरमागे ८.६ एकक मिळतात. ०.४५० ला १९.२. आणि लांब ७ मिलिमीटरला? तेही १९.२. जिची ऊर्जा ०.४५० च्या निम्मीही नाही, ती सडपातळ गोळी भेदनाच्या बाबतीत तिच्या बरोबरीला बसते. हलक्या जलद गोळीचे गुणोत्तर १८.२ येते, म्हणजे फार कमी नाही. पण ती मऊ टोकाची असेल आणि आत गेल्यावर फुलून तिचा व्यास दुप्पट झाला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि गुणोत्तर साडेचारच्या आसपास घसरते. वेग जितका जास्त तितकी मऊ गोळी लवकर आणि अधिक फुलते. शिवाय माध्यमाचा विरोध वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, हे निराळेच. तात्पर्य, विशिष्ट रचनेच्या गोळीबाबत वेग वाढवल्याने भेदन कमी होऊ शकते. सामान्य समजुतीच्या हे पूर्ण विरुद्ध आहे.

हा हिशेब स्थूल आहे. गोळी सरळ जाते की आत कोलमडते, हाडावर आदळते की स्नायूत शिरते, तिचे वेष्टन पोलादी आहे की तांब्या-निकेलचे, या गोष्टी त्यात येत नाहीत. तरीही एवढ्या तयारीनिशी जुनी पुस्तके उघडली तर ती वेगळी दिसू लागतात.

फोर्सिथ आणि सँडरसन

कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव आपल्याकडे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) या पुस्तकामुळे परिचित आहे. सातपुड्याची अरण्ये, गोंड-कोरकू समाज, साल आणि साग यांच्या सीमा, यांविषयीचे त्याचे वर्णन आजही वाचनीय आहे. याच लेखकाने त्याआधी १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. ते साहित्याचे अभ्यासक वाचत नाहीत आणि बंदुकांचे हौशी अभ्यासक पहिले पुस्तक वाचत नाहीत. या दोहोंचा लेखक एकच आहे, हे ध्यानात घेऊन वाचणे आवश्यक आहे.

फोर्सिथला वेग हवा होता, पण कशासाठी? जंगलात जनावर दिसते ते शंभर-दीडशे यार्डांच्या आत, झाडीतून, क्षणभर. अंतराचा अंदाज घेऊन दृश्यपट्टी खालीवर करण्यास सवड नसते. गोळीचा मार्ग जितका सपाट तितकी अंदाजातील चूक क्षम्य. म्हणून त्याने नळीतील आटे मंद पिळाचे ठेवावेत, गोल गोळी घ्यावी आणि दारू भरपूर घालावी, असा आग्रह धरला. म्हणजे त्याच्या विचारात वेग हे नेमाचे साधन आहे, संहाराचे नव्हे. गोळी वर्मी लागावी म्हणून वेग. ही मांडणी स्वच्छ आहे आणि पुढच्या शंभर वर्षांत वेगाविषयी जे भाबडे लेखन झाले त्यापेक्षा पुष्कळ प्रगल्भ आहे.

मात्र तिची मर्यादाही तेथेच आहे. गोल गोळीची लांबी तिच्या व्यासाएवढीच असते. तिला जड करावयाची तर जाडही करावी लागते, आणि जाड केली की वाट रुंद होते व विरोध वाढतो. हरीण, अस्वल, वाघ यांच्यासाठी ते चालते. गव्यासाठी आणि हत्तीसाठी मग एकच मार्ग उरतो : गोळी अवाढव्य करत नेणे.

हाच मार्ग जॉर्ज सँडरसन याच्या 'थर्टीन इयर्स अमंग द वाइल्ड बीस्ट्स ऑफ इंडिया' (१८७८) या पुस्तकात दिसतो. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याच्या खेड्यांवर काम करणारा हा अधिकारी चार आणि आठ बोअरच्या बंदुकांचा पुरस्कर्ता होता. त्याचे निरीक्षण सूक्ष्म आहे आणि बढाई तुलनेने कमी. तरीही अशी बंदूक म्हणजे आठ-नऊ किलोचे लोखंड. ती साहेब वाहत नसे. साहेबामागे चालणारा माणूस वाहत असे आणि नेमक्या क्षणी ती साहेबाच्या हातात देत असे. भेदनाची तांत्रिक अडचण अशा रीतीने दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर उचलली जात होती. वसाहतवादी सत्तासंबंध शोधणाऱ्या अभ्यासकांना येथे भरपूर सामग्री मिळाली असती. पण त्यासाठी बोअरचा आकडा वाचावा लागतो.

गव्याच्या शरीररचनेचा उल्लेख येथे केला पाहिजे. पूर्ण वाढलेला नर सहाशे ते हजार किलोंपर्यंत भरतो. खांद्यावरून पाठीच्या मध्यापर्यंत जाणारा उंचवटा म्हणजे मणक्यांच्या लांब काट्यांनी उचललेला कणा आहे. दुरून पाहणाऱ्याला जनावराचा 'मध्य' जेथे वाटतो, त्यापेक्षा फुप्फुसे आणि हृदय बरेच खाली, पुढच्या पायामागे असतात. तेथवर पोहोचायचे तर जाड कातडी, स्नायूंचा थर, खांद्याचे पाते आणि बरगडी ओलांडावी लागते. जनावर तिरके उभे असेल तर पोटाचा काही भागही. उंचवट्यावर लागलेली गोळी कितीही वेगवान असली तरी वर्मी लागत नाही. जखमी न केलेला गवा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. जखमी गवा झाडीत शिरून आपल्याच मागावर वळून उभा राहतो, असे शिकारी आणि वाटाड्ये दोघेही सांगत आले आहेत.

मऊ गोळी, कठीण गोळी

कॉर्डाइट हे निर्धूर स्फोटक आल्यानंतर सारे चित्र पालटले. कमी व्यासाची, लांब, धातूच्या वेष्टनातील गोळी मोठ्या वेगाने झाडता येऊ लागली. याच सुमारास भारतात एक विलक्षण उलटापालट घडली, जिचा उल्लेख शिकारसाहित्याच्या चर्चेत क्वचितच होतो. सैन्याच्या ०.३०३ रायफलीची संपूर्ण वेष्टित गोळी माणसाच्या शरीरातून आरपार जाते पण त्याला थांबवत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर पुढे आली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, आत फुलणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. माणसासाठी जी क्रूर ठरली तीच वाघासाठी योग्य ठरली, कारण वाघाची कातडी पातळ, हाडे हलकी आणि तो त्वरित थांबला पाहिजे. उलट गवा आणि हत्ती यांच्यासाठी सैन्याची ती 'निकामी' न फुलणारी कठीण गोळीच योग्य. एकाच रायफलीत दोन नीतिशास्त्रे भरता येत होती आणि कोणते कधी भरावे, हे शिकाऱ्याला झाडीतल्या चाहुलीवरून ठरवावे लागे.

दुसरा प्रसंग कायद्याचा. १९०७ साली भारत सरकारने ०.४५० मापाच्या रायफली आणि काडतुसे यांच्या आयातीवर बंदी घातली. या मापाची गोळी सैन्यातील जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या उपयोगी पडेल, ही भीती त्यामागे होती. परिणामी इंग्लंडमधील बंदूककारांनी ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी किंचित निराळी मापे पुढे आणली. आफ्रिकेत हत्ती मारणारी प्रसिद्ध ०.४७० रायफल ज्या कारणाने लोकप्रिय झाली, त्याचे मूळ हिंदुस्थानातील राजकीय असंतोषात आहे. शिकारकथेतील मापाचा आकडा हा असा इतिहास पोटात घेऊन येतो. आपल्या पुण्यातच, खडकीला, १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. येथील वाचकाला गोळीचे माप परके वाटण्याचे तसे कारण नाही.

बेलचा दाखला आणि टेलरचे सूत्र

वॉल्टर डी. एम. बेल याने पूर्व आणि मध्य आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यांतील मोठा भाग वर दिलेल्या लांब ७ मिलिमीटर कठीण गोळीने मारला. ही संख्या आज वाचताना अंगावर काटा येतो. तिचे कौतुक करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच की हे शक्य कसे झाले. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कोठे आणि कोणत्या कोनातून सापडतो याचा अभ्यास केला होता. गोळीने फक्त तेथवर सरळ पोहोचावे, एवढीच त्याची तिच्याकडून अपेक्षा होती. १९.२ या आकड्याची बरोबरी येथे खरी ठरते.

जॉन टेलर याने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आघातमूल्याचे एक सूत्र मांडले : गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला सात हजारांनी भागावे. त्यानुसार ०.४५० ला सुमारे साडेसदुसष्ट गुण मिळतात आणि बेलच्या गोळीला सोळा. टेलरला ऊर्जेच्या आकड्याचा फसवेपणा कळला होता, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. वेगाचा वर्ग त्याने सूत्रातून काढून टाकला. परंतु त्याच्या जागी त्याने व्यास आणून बसवला आणि भेदन पूर्णपणे वगळले. या सूत्रात चार-बोअरची गोळी सर्वश्रेष्ठ ठरते, मग ती हाडावर चपटी होऊन अडकली तरी बेहत्तर. मेंदू चुकलेल्या हत्तीलाही धक्क्याने क्षणभर खाली बसवणे, हा टेलरचा मूळ प्रश्न होता. त्या मर्यादित प्रश्नाचे ते उत्तर आहे. पुढच्या वाचकांनी त्याला सर्वसाधारण मारकतेचे माप मानले, आणि तेथे घोटाळा झाला. सूत्र आले की प्रश्न विसरला जातो, हा अनुभव आपल्याला समीक्षाशास्त्रातही नवा नाही.

बेलचे अनुकरण करणाऱ्याकडे बेलची नेमबाजी आणि कवटीचे ज्ञान नसेल, तर तीच बारीक गोळी केवळ वेदना देते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मोठ्या मापाचा पुरस्कार करणारे सारेच शक्तिपूजक नव्हते; चुकीला जागा ठेवणारे सावध लोकही त्यांत होते.

कॉर्बेट : नखाने काढलेली गोळी

जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या पुस्तकाचे मराठी अनुवाद पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्यातील चंपावतच्या वाघिणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. ४३६ माणसे मारलेली ही वाघीण १९०७ साली कॉर्बेटने मारली. परंतु त्या कथेची रचना गोळीच्या दृष्टीने पाहिल्यास काय दिसते?

शेवटच्या क्षणी कॉर्बेटजवळची रायफलीची तीन काडतुसे संपतात. तो तहसीलदाराची जुनी बंदूक हातात घेतो. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांत फट आहे, म्हणजे दारूचा बराचसा दाब मागेच निसटणार. तो वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरतो. गोळी जबड्यात न जाता पंजावर लागते आणि पुढे ती तो बोटाच्या नखाने उपसून काढतो. वाघीण मरते ती आधीच्या रायफलीच्या जखमांनी. बंदुकीच्या गोळीने तिला नुसता धक्का दिला. आणि ही वाघीण नरभक्षक का झाली, तर पूर्वी कोणाच्या तरी गोळीने तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडले होते, असे कॉर्बेट नोंदवतो. कथेच्या आधी एक वाया गेलेली गोळी आहे आणि शेवटी एक वाया गेलेली गोळी आहे. पहिलीची किंमत ४३६ माणसांनी दिली. दुसरीची किंमत कोणालाही द्यावी लागली नाही, आणि यात नशिबाचा भाग किती होता हे कॉर्बेटने लपवलेले नाही.

नरभक्षक होण्याचे कारण प्रत्येक वेळी गोळीच असते असे नव्हे. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराच्या काट्यांनी अधू केले होते. तथापि बेपर्वाईने झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग सोडून देणे, हे कारण कॉर्बेट आवर्जून मांडतो. या ठिकाणी तो इतर शिकारी लेखकांपासून वेगळा होतो. त्याच्या लेखनात गोळीची जबाबदारी ती झाडल्यावर संपत नाही.

या प्रसंगाच्या अनुवादात एक अडचण आहे. मराठी बोलीत रायफल आणि आटे नसलेली शिकारी बंदूक, दोहोंना सर्रास 'बंदूक'च म्हणतात. अनुवादकाने हा भेद राखला नाही तर कथा वाचनीय राहते, पण नखाने उपसलेल्या गोळीचा अर्थ हरवतो. 'त्याने दुसरी बंदूक घेऊन गोळी झाडली' असे वाक्य केले की उरतो फक्त बार. त्याच वर्षी सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला ०.२७५ रिग्बी रायफल भेट दिली, ती हीच ७ मिलिमीटर जातीची. मोठ्या मापाची दुनळी रायफलही तो बाळगत असे. कोणत्या कथेत त्याने कोणती उचलली, हे त्या दिवशी त्याला काय भीती वाटत होती याचे चिन्ह म्हणून वाचता येते. पक्षी, झाडे आणि वन्यप्राणी यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांनी जे कष्ट घेतले, तसे कष्ट या शब्दसंपदेसाठी कोणी घेतलेले नाहीत. घ्यावेत का, असा प्रश्न काही सहकारी विचारतील. शिकार संपली आहे, साहित्य शिल्लक आहे. ते नीट वाचायचे असेल तर घ्यावे लागतील.

दाजीपूर ते कोथरूड

कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गव्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा शिकारीचा शौक असलेला लेखक 'नागझिरा'मध्ये वही आणि डोळे घेऊन जंगलात बसला. बंदूक मागे पडली, असे या प्रवासाचे वर्णन नेहमी केले जाते. ते पुरेसे नाही, कारण मोठ्या जनावराच्या शरीरात दुरून काहीतरी शिरवण्याची गरज संपलेली नाही. आता तेथे भुलीचे औषध असलेली सुई आहे.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात एक गवा शिरला. लोक जमले, मागे धावले, चित्रफिती निघाल्या. कित्येक तास धावाधाव झाल्यावर त्याला भुलीच्या सुया मारून जेरबंद करण्यात आले आणि त्याच दिवशी तो मरण पावला. त्यानंतर झालेली चर्चा गर्दीच्या बेपर्वाईवर केंद्रित होती, आणि ते योग्यच होते. पण भुलीच्या सुईविषयी सर्वसामान्य समज काय दिसला? सुई मारली की जनावर झोपते, मग इतका वेळ का लागला? हा प्रश्न विचारणारा वाचक शिकारकथेतल्या त्या वाचकासारखाच आहे, ज्याला बार ऐकू येतो आणि वर्म ठाऊक नसते.

सुईच्या बाबतीत वेगाचे गणित उलटे, पण तितकेच कठोर आहे. वेग कमी पडला तर गव्याच्या जाड कातडीत औषध पुरेसे शिरत नाही. जास्त झाला तर सुईच गोळीसारखी इजा करते. अंतर पाहून दाब ठरवावा लागतो आणि धावणाऱ्या जनावराचे अंतर सारखे बदलते. सुई भरदार स्नायूत लागली पाहिजे. चरबीत किंवा हाडावर लागली तर औषध वाया जाते किंवा उशिरा भिनते. आणि घाबरून धावलेल्या, तापलेल्या शरीरात औषध अपेक्षेप्रमाणे काम करीत नाही. स्नायूंची झीज आणि चढलेले तापमान प्राणघातक ठरू शकते. येथे वर्म टाळावयाचे असते, पण ते कोठे आहे हे शिकाऱ्याइतकेच नेमके माहीत असावे लागते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणातही सुई आणि गोळी यांचा क्रम काय होता, हाच वादाचा मध्यवर्ती मुद्दा ठरला. कायदा आधी जिवंत पकडण्याचा प्रयत्न करावा असे सांगतो. त्या वादावर अभिप्राय देणाऱ्यांपैकी किती जणांनी अंतर, दाब आणि कोन यांविषयी वाचले होते, हे विचारण्याजोगे आहे.

कोथरूडच्या घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत पाषाण-बावधन भागात दुसरा गवा दिसला. या वेळी रस्ते आणि माणसे दूर ठेवण्यात आली, सुई झाडण्यात आली नाही, आणि तो जंगलाच्या बाजूला परत गेला.